साडूसाठी निवडलेली पक्कड

दुखऱ्या दाताकडं जीभ जावी तसं अजिनाथचं मन दिवसातून कितीतरी वेळा बद्रीनाथकडं जायचं. कुणी नाव काढावं लागत नसे. ठिबकच्या नळीला भोक पाडता पाडता, फिल्टरचं झाकण आवळता आवळता तो निळा शर्ट, छातीवरचं कंपनीचं चिन्ह आणि फोनवर बोलतानाचा तो मोकळा आवाज त्याला आठवायचा, आणि हातातलं काम गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात व्हायचं.

बद्रीनाथ म्हणजे अजिनाथच्या मेव्हणीचा, स्वप्नालीचा नवरा. गेवराई तालुक्यातला, उमापूरचा. शेतात सोलर पंप बसवणाऱ्या एका कंपनीत कामाला. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. माणूस वाईट नव्हता, हीच खरी अडचण होती. वाईट असता तर त्याचा राग करता आला असता. राग चारचौघांत सांगता येतो, त्याला लोक मान डोलावतात. हे जे होतं ते बायकोलाही सांगता येत नव्हतं.

अजिनाथ धारूरच्या डोंगरपट्ट्यातला. आई-बाप ऊसतोडीला जायचे तेव्हा त्याचं निम्मं बालपण साखर कारखान्यांच्या आसपास, उसाच्या पाचटाच्या कोपीत गेलं. इतर पोरं बैलांमागं हुंदडायची, हा मात्र ट्रॅक्टरच्या पोटाखाली उताण्या झोपलेल्या ड्रायव्हरांचे हात बघत बसायचा. शाळा हंगामाहंगामानं सुटत गेली. हात मात्र शिकत गेले. पुढं माजलगावच्या कॅनॉलखाली उसाला ठिबक आलं, तेव्हा नळ्या अंथरणाऱ्या टोळीबरोबर तो गेला आणि फिटर होऊनच परत आला. मोटरी खोलायला त्याचा तोच शिकला. एक जुनी गोणपाटाची पिशवी, तीत पान्हे, पकडी, पेचकस, करवतीचं तुटकं पातं. मोटारसायकलच्या हँडलला ती अडकवली की अजिनाथ कामावर निघाला, असं लोक ओळखायचे.

सासरवाडी माजलगावच्या कॅनॉलच्या खालच्या अंगाला. सासरे गहिनीनाथ पूर्वी मुकादम होते, आता स्वतःचा ऊस लावतात. त्यांना दोन मुलीच. थोरली दीपमाला अजिनाथला दिली आणि हळूहळू अजिनाथ त्या घरात मुलाच्या जागी जाऊन बसला. मोटर जळो, मिक्सर बंद पडो, कपाटाचं कुलूप अडो, गहिनीनाथ एकच वाक्य बोलायचे, "अजिनाथला फोन लावा." ते ऐकून शेजारी-पाजारीही बोलावू लागले. धारूरकडं आपल्या वाडीवर तो चार मिस्त्र्यांतला एक होता. सासरवाडीला तो जाणकार होता. एखाद्याची नवी मोटर आली तरी पेटी उघडण्याआधी त्याला विचारायचे, ही बरी का? आणि तो बोनेट उघडलेल्या गाडीपुढं उभा राहावा तसा कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, जरा वेळ काहीच बोलायचा नाही. ते न बोलणंसुद्धा त्याला आवडायचं.

गेल्या हिवाळ्यात बद्रीनाथनं सासऱ्यांच्या विहिरीवर सोलरच्या पाट्या बसवल्या. मोटर जळायची थांबली. त्याबरोबर फोनही थांबला.

आणखी एक बारीक काटा होता. गहिनीनाथ नव्या जावयाला "बद्रीनाथराव" म्हणायचे आणि ह्याला नुसतं "अजिनाथ." एकदा न राहवून त्यानं हे दीपमालाजवळ काढलं.

"घरच्या माणसाला कुणी राव म्हणतं का?" ती म्हणाली.

हे खरं होतं. खरं असूनही त्याचा काही उपयोग झाला नाही.

यंदा अधिक महिना ज्येष्ठात आला. उन्हानं डोंगर भाजून निघाला होता. अजिनाथ एका शेतावर जळालेली मोटर खोलत बसला होता, तेव्हा सासऱ्यांचा फोन आला. कितीतरी दिवसांनी ते नाव फोनवर उमटलं होतं. हात पुसायचीही त्यानं वाट बघितली नाही.

"अजिनाथ, धोंडं जेवायला यायचंय. दोघी लेकी, दोघं जावई, एकाच दिशी करू म्हणती तुजी मामी."

"येतो की मामा."

"आन एक काम हाय. बद्रीनाथरावांचा पयला धोंडा हाय, म्हणून इचारलं, अंगठी करू का. तर न्हाई म्हणले. त्यायला ती पक्कड पायजे म्हणं. पोटातून धा-बारा हत्यारं निघत्यात ती. मल्टि का कायतरी."

"मल्टिटूल."

"बग. तुला म्हाईत हाय. मला त्यातलं काय कळतंय? तूच निवडून आण. किमतीकडं बगू नकू, चांगली बग. जावयाला द्यायची हाय."

फोन बंद झाला. मोटरीच्या उघड्या तारांकडं बघत अजिनाथ तसाच बसून राहिला. जावयाला द्यायची आहे. मग आत्ता फोनवर ज्याच्याशी बोलले तो कोण होता?

घरी दीपमालाला सांगितलं तर ती खूश झाली. "बरं झालं की. अण्णांनी तुमालाच सांगितलं."

"व्हय. सांगितलं मला. देणार त्याला."

तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि विषय सोडला.

माजलगावच्या मोंढ्यात बंकटचं ठिबकचं आणि हत्यारांचं दुकान आहे. अजिनाथचं सगळं सामान तिथूनच यायचं. बंकटनं त्याचं म्हणणं ऐकून घेतलं आणि काउंटरवर तीन मल्टिटूल मांडले.

पहिला दिसायला राजा होता. एका बाजूला हातोडीचं डोकं, दुसऱ्या बाजूला छोटी कुऱ्हाड, मध्ये पक्कड, काळा रंग, रंगीत खोकं. "ही लई खपती," बंकट म्हणाला. "लग्नात आहेर म्हणून न्हेत्यात लोकं."

अजिनाथनं ती कानाजवळ नेऊन हलवली. लहान लेकराच्या खुळखुळ्यासारखी वाजली. जबडे मिटले की एकावर एक नीट बसत नव्हते, एक जरा बाजूला सरकलेला. पहिला गंजलेला नट आडवा आला की ह्या पकडीचं तोंड वाकडं होणार, हे त्याला हातावर घेताच कळलं. तरी त्यानं ती खाली ठेवली नाही. त्याच्या डोळ्यांपुढं एक शेत आलं, पाच-सहा शेतकरी आले, आणि मध्ये बद्रीनाथ, हातात तोंड वाकलेली पक्कड. सासऱ्यानं दिलेली का हो, असं कुणीतरी विचारतंय. गुळाचा खडा तोंडात विरघळावा तसं हे चित्र त्याला गोड लागलं.

आणि लगेच कडू झालं. कारण पुढचा प्रश्न ठरलेला होता. निवडली कुणी? अजिनाथनं.

चांगली निवडावी तर ती साडूच्या कमरेला शोभणार, आणि उद्या सासरवाडीला लोक त्याला हाक मारणार. वाईट निवडावी तर आपलं होतं नव्हतं तेवढं नाव जाणार. मत्सरालाही मोकळं रान नव्हतं. त्याच्या गळ्यात आपलीच अब्रू लोढण्यासारखी बांधलेली होती.

"ही नको," तो म्हणाला.

दुसरा किल्लीच्या जुडग्यात अडकवायचा, बोटाएवढा. तो त्यानं नखं कापायला बरा आहे म्हणून बाजूला सारला. तिसऱ्याला चमक नव्हती. साधं पोलाद, तळहातात मावणारं, कडा घासून गोल केलेल्या. पक्कड, सुरी, करवतीचं पातं, कानस असं सगळं पोटात. पेचकसाच्या जागी मात्र एक चौकोनी घर, आणि त्यात बसवायच्या सुट्या बिटा, म्हणजे पेचकसाची टोकं, वेगळ्या डबीत, प्लास्टिकचं सील असलेल्या. हात पोहोचत नाही तिथं वापरायचा एक लांब दांडाही डबीत होता, आणि पट्ट्याला अडकवायची चिमटी हवी तर लावा, नको तर काढा.

"ही पुण्याहून मागवलेली. एका डॉक्टरानं सांगितलं, आन न्यायला आलाच न्हाई."

अजिनाथनं ती उजव्या हातानं उघडली, मग डाव्या हातानं. दुसऱ्या हातात नळी धरलेली असते, तेव्हा हत्यार एका हातानंच उघडायला हवं. पातं बाहेर येताच टक्क असा आवाज झाला आणि ते अडकून बसलं. जोर लावताना मिटून बोटावर यायचं नाही. मग त्यानं ती पट्ट्याला लावली, दुकानाच्या पायरीवरून रस्त्यापर्यंत गेला, परत आला, उकिडवा बसला, उठला, वाकला.

"आता झोपून बी बग हितं," बंकट म्हणाला. "सतरंजी टाकू का?"

"वाकल्यावर बरगडीत घुसती का बगाया लागतं. दिवसभर कमरंला ऱ्हायची."

"तुज्या कमरंला का साडूच्या?"

अजिनाथनं ऐकलं नाही असं दाखवलं. "हे सुटं भाग," तो म्हणाला. "सुटं म्हणजे हरवायचं. काळ्या रानात बिट पडली की गेली ती."

"मग ती हातोडीवाली घे. तिचं काय बी सुटत न्हाई."

"पर तिचा पेचकस झिजला की अख्खी फेकून द्यावी लागती. हिची एक बिट झिजली तर एकच बदलायची."

"मग घे की ही. कावून एवढा घोळ घालतो बे? मपल्या साडूला मी टॉवेल देतो, त्यो बी बायकू म्हणली तर."

"मामांनी सांगितलंय."

"सांगितलंय खरं. पर मघापासून बगतोय, तुज्या हातातून सुटंना गेलीय ती."

अजिनाथनं ती काउंटरवर ठेवली. ठेवताना तिचा हलका, भरीव आवाज झाला. चांगली वस्तू ठेवल्यावर होतो तसा.

धोंड्याला अजून आठवडा होता. पहिला दिवस पक्कड आणि डबी कपाटात साड्यांखाली राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी अजिनाथच्या मनात आलं, नीट तपासून बघायला हवी. तिथं जाऊन काही खोट निघाली तर? त्यानं पक्कड पट्ट्याला लावली आणि शर्ट खोचला.

त्या दिवशी एका बागेत फिल्टरचं काम होतं. मालक विठ्ठलराव मोठे बागायतदार, लोकांकडं सहसा मान वर करून न बघणारे. अजिनाथनं उभ्या उभ्या पक्कड काढली, अंगठ्यानं उघडली, गंजलेला क्लॅम्प सोडवला, पातं काढून नळीचं तोंड सारखं केलं, आणि पुन्हा मिटून पट्ट्याला लावली. गोणपाटाच्या पिशवीकडं वळावंच लागलं नाही.

"काय घेतलं हे?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"हाय एक."

"बघू." त्यांनी हातात घेऊन उघडली, मिटली. "आता तुम्ही कंपनीवाले झाले म्हणायचं."

ही माझी नाही, असं म्हणायला एवढासा वेळ होता. तो वेळ अजिनाथनं जाऊ दिला.

मग रोजच ती त्याच्याबरोबर जाऊ लागली. तिचं वजन त्याच्या उजव्या अंगाला इतकं ओळखीचं झालं की आंघोळीनंतर पट्टा बांधण्याआधी त्याला आपण थोडे एका बाजूला कललो आहोत असं वाटायचं. संध्याकाळी तो पेट्रोलच्या बोळ्यानं ती पुसून खोक्यात ठेवायचा. डबीचं सील मात्र त्यानं तोडलं नाही. पेचकसाची गरज पडली तर तो जुनाच पेचकस काढायचा. सील आहे तोवर वस्तू कोरीच, असं त्यानं स्वतःला पटवलं होतं, आणि स्वतःला पटवायला माणसाला साक्षीदार लागत नाहीत.

दीपमालानं चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "ती बद्रीनाथची हाय ना?"

"तपासतोय."

"आठवडाभर?"

"हत्यार एका दिवसात कळत न्हाई."

"माणूस कळतं," ती म्हणाली, आणि परातीत भाकरीचं पीठ घेऊन बसली.

धोंड्याच्या दिवशी सकाळीच दोघं मोटारसायकलवरून घाट उतरून गेले. खोकं आणि डबी दीपमालाच्या मांडीवर, पिशवीत. घरात पुरणाचा आणि तुपाचा वास भरला होता. सासूबाईंनी, कौशल्याबाईंनी, ओसरीवर चार पाट मांडले होते. भावकीतली चार माणसं आली होती, गहिनीनाथांचा चुलतभाऊ म्हाळू भिंतीला टेकून बसला होता. बद्रीनाथ पुढं येऊन अजिनाथच्या पाया पडला. तेही अजिनाथला नीट घेता आलं नाही. हा पोरगा वाकतो तोही कसा रुबाबात, असं त्याला वाटलं.

"अजिनाथनं स्वतः निवडली बरं का," गहिनीनाथ म्हाळूला सांगत होते. "माजलगावला जाऊन. त्याच्या हातची वस्तू म्हणजे बगायलाच नको."

तेवढ्यापुरतं अजिनाथला सगळं फिटल्यासारखं झालं. दोघी बहिणी नवऱ्यांच्या डाव्या हाताला बसल्या. ताटं आली. कौशल्याबाईंनी दिवा ओवाळला, कपडे दिले, अनारशांची पुडी दिली. मग नव्या जावयाच्या वाणाचं ताट घेऊन त्या समोर बसल्या. विड्याच्या पानांवर पक्कड, शेजारी डबी. हळद-कुंकवाचं बोट त्यांनी पकडीला लावलं. आतल्या पात्यालाही लावावं म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी उघडली.

जबड्याच्या सांध्यात पांढरा धागा अडकला होता. त्यांनी तो नखानं ओढला. नळीच्या आट्यांवर गुंडाळतात त्या टेपचा तो तुकडा होता. त्यामागून काळ्या मातीचा एक कण सुटून पानावर पडला. त्यांनी पक्कड नाकाशी नेली. पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा वास उन्हाळ्यात लवकर जात नाही.

"ह्ये कोरं न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

"दुकानात उघडली आसंल कुणीतरी, मामी," बद्रीनाथ म्हणाला.

"दुकानात रान आसतंय का?" त्यांनी बोटावरचा मातीचा कण दाखवला.

कुणी काही बोलायच्या आधीच सगळे अजिनाथकडं बघत होते. त्याच्या हातात धोंड्याचा तुकडा होता.

"तपासून बगितली," तो म्हणाला. "खोट निघाली आसती तर..."

"दाजी, तपासली का वापरली?" स्वप्नालीनं विचारलं.

"वापरली तर काय झिजली का?" दीपमाला एकदम म्हणाली. "तुज्याच नवऱ्याला चांगली मिळावी म्हणून..." आणि वाक्य अर्धं टाकून तिनं ताट जवळ ओढलं.

"मला चालती की," बद्रीनाथ हसत म्हणाला आणि त्यानं हात पुढं केला. "दादांनी चालवून बगितली म्हणजे खात्रीची झाली."

कौशल्याबाईंनी ताट मागं ओढलं. "तुमाला चालंल जावईबापू, वाणाला चालत न्हाई. तीन वर्सांनी येतोय ह्यो म्हैना. त्यात जावयाला दुसऱ्यानं वापरलेलं देऊ का मी? लोकं काय म्हणतील ऱ्हाऊ द्या, देवाला काय सांगू?" मग त्यांनी डबी उचलून सील बघितलं. "ही न्हाई फोडलेली."

"न्हाई," अजिनाथ म्हणाला.

"मग ही कोरी." त्यांनी डबीला कुंकू लावलं आणि ती बद्रीनाथच्या हातात दिली. पक्कड पदरानं पुसली आणि अजिनाथच्या पाटाशेजारी, ताटाच्या बाहेर, जमिनीवर ठेवली. "जी ज्यानं चालवली ती त्याची."

"घ्या," म्हाळू भिंतीपासून म्हणाला. "एका जावयाला गाडी, एकाला चाकं."

ओसरी हसली. स्वप्नालीही हसली, बद्रीनाथही हसला. गहिनीनाथ मात्र हसले नाहीत. ते उठून अंगणात गेले. रागावले असते तर अजिनाथला सोसलं असतं. अजिनाथनं हातातला तुकडा तोंडात घातला. तूप टाळूला चिकटलं. आठवडाभर ज्या वस्तूवर जीव टांगला होता ती आता त्याची होती, सगळ्यांसमक्ष, आणि तिला हात लावायची त्याला लाज वाटत होती.

दुपारी माणसं लिंबाच्या सावलीत आडवी झाली. गहिनीनाथ सुपारी कातरत होते.

"बद्रीनाथराव," ते म्हणाले, "औंदा कडबाकुट्टीचं यंत्र घ्यावं म्हणतो. बाजारात लई कंपन्या झाल्यात. तुमी बगा एखादं चांगलं."

अजिनाथ त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसला होता. त्याच्याकडं न बघता ते बोलले, तेही मुद्दाम नाही. नुसतं सवयीनं जो रस्ता आजवर त्याच्याकडं यायचा, तो आज दुसरीकडं वळला होता. पाणी प्यायला जातो असं दाखवून तो उठला आणि विहिरीकडं गेला.

सोलरच्या पाट्यांची सावली जमिनीवर तिरकी पडली होती. तो तिच्यात उभा राहिला. गहिनीनाथांनी हिवाळ्यात त्याला ह्याच पाट्या दाखवल्या होत्या आणि विचारलं होतं, कशा बसवल्यात? तेव्हा तो खांदे उडवून म्हणाला होता, "बगू, किती दिवस टिकत्यात." खरं तर त्यानं सगळं न्याहाळलं होतं. खांब ओळंब्यात होते, वायरी नळीतून नेलेल्या, नटांखाली वायसर. बोट ठेवायला जागा नव्हती. म्हणूनच तो तसं बोलला होता.

मागून बद्रीनाथ आला. हातात डबी.

"दादा, ही तुमीच घ्या. पकडीबिगर हिचा काय उपेग?"

"मामींनी तुमाला दिली."

"माज्याकडं कंपनीची अख्खी पेटी हाय. त्यात सगळं हाय."

"मग मागितली कशाला?"

बद्रीनाथ ओशाळल्यासारखा हसला. "राग येऊ देऊ नका. लग्न झाल्यापसून ह्या घरात एकच ऐकतोय. कुकरची शिट्टी वाजंना, अजिनाथ आसता तर. दाराची कडी बसंना, अजिनाथ आसता तर. ह्या पाट्या मी बसवल्या, ढकाढका पाणी पडाया लागलं, तर मामा म्हणले, एकदा अजिनाथला दाखवू मग बगू." त्यानं डबी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "लई जळायचो तुमच्यावर. म्हणलं आपल्या बी कमरंला कायतरी आसावं. ते बगून तरी एखाद्या वक्ताला म्हणतील, बद्रीला बोलवा."

अजिनाथला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, उन्हातून आल्यावर पहिल्या घोटाला वाटतं तसं. पण दुसऱ्या घोटाला काहीतरी वेगळंच लागलं. ज्या गोष्टीनं तो इतके महिने आतल्या आत भाजत होता, बायकोजवळही जिचं नाव काढू शकला नव्हता, ती हा पोरगा चुना मागावा इतक्या सहज बोलून मोकळा झाला होता. मत्सरसुद्धा ह्याला नीट बोलता येत होता. अजिनाथला त्याचाही हेवा वाटला.

मीही, असं म्हणायला तोंड उघडलं असतं तर ते त्याच वेळी. पण तेवढं त्याला जमणारं नव्हतं, आणि ते त्याला माहीत होतं. तो पाटीच्या खांबावर हात ठेवून उभा राहिला.

"ही डबी तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "मामींचा शब्द हाय."

बद्रीनाथनं डबी खिशात टाकली. दोघं लिंबाखाली परत आले तेव्हा गहिनीनाथ अजून तिथंच होते. अजिनाथ बसला नाही.

"मामा," तो म्हणाला, "हिवाळ्यात तुमी मला पाट्या दाखवल्या व्हत्या."

"व्हय. मग?"

"चांगल्या बसवल्यात. एक बी खोट न्हाई. तवाच दिसलं व्हतं मला." एवढं बोलायला त्याला विहिरीतून भरलेली बादली ओढावी इतका जोर लागला. "कडबाकुट्टी ह्यांनाच बगू द्या."

गहिनीनाथांच्या हातातला अडकित्ता थांबला. त्यांनी आधी बद्रीनाथकडं बघितलं, मग बराच वेळ अजिनाथकडं. ओसरीवरून उठल्यापासून पहिल्यांदाच.

"तू म्हणतोस म्हणल्यावर बगतीलच की," ते म्हणाले. "पर आणताना दोघं बी जा. चालवून मातूर हितं आणल्यावर बगा."

म्हाळू डोळे मिटल्या मिटल्या खुदकन हसला. गहिनीनाथांच्याही मिशीखाली काहीतरी हललं. अजिनाथनं मान खाली घातली आणि त्यांच्याजवळ, मघाच्याच जागी बसला.

दीपमाला चहा घेऊन आली. पहिला कप तिनं नवऱ्याला दिला. बद्रीनाथ शेजारी मांडी घालून बसला आणि त्यानं कपातला चहा बशीत ओतला, बोलता बोलता, बशीकडं न बघता. एक थेंब सांडला नाही. तेही अजिनाथच्या नजरेतून सुटलं नाही.